धाकटीची दहा मिनिटं

"दहा मिनिटं गं! दहा मिनिटांत पैसे आले. हिची बँक तीन-तीन दिवस घेते." आई फोनवर मावशीला सांगत होती, आणि ही 'हिची बँक'वाली मी शेजारीच तिचा गुडघा शेकत बसले होते. जिवाचा नुसता तिळपापड झाला माझ्या.

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसे दादा परदेशातून पाठवणार होता. मी म्हटलं, सरळ बँकेतून पाठव. तर धाकटी मध्येच टपकली. "ताई, तुझ्या बँकेचे पैसे चार बँकांची दारं फिरून येणार, आणि प्रत्येक दारात थोडे कापले जाणार. दादा, तू क्रिप्टोत पाठव." त्याने पाठवले. आले. आईने धाकटीची पाठ थोपटली. माझी पाठ आहे ती शेकायला वाकण्यापुरती.

पण हॉस्पिटलच्या काउंटरवर मोबाईलमधली नाणी थोडीच चालतात? धाकटीला ती कुण्या अनोळखी माणसाला विकावी लागली. त्यात भाव उतरलेला, वर विकून देणाऱ्यांचं कमिशन. बँकेने कापले असते त्याहून जास्त गेले. मी गोळाबेरीज करून ठेवली होती. कधी एकदा आईच्या तोंडावर ऐकवते, असं झालं होतं मला.

त्या माणसाचे पैसे धाकटीच्या खात्यात आले आणि अडकले. खातं मी नोकरी करते त्याच बँकेत! अनोळखी माणसाकडून अचानक मोठी रक्कम आली की आमच्याकडे ती थांबवतात, आणि चौकशी करून सोडायची की नाही ते मी ठरवते. दुपारी स्क्रीनवर धाकटीचं नाव दिसलं, आणि खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी. हॉस्पिटलचा काउंटर पाचला बंद. आज पैसे भरले नाहीत तर पुढची तारीख दोन महिन्यांनी.

मला वाईट असं काही करायचंच नव्हतं. नुसतं नियमाने वागायचं होतं. नातेवाइकांचे पैसे आपण सोडायचे नाहीत, ते प्रकरण साहेबांकडे द्यायचं. साहेब मीटिंगमध्ये. मी जागेवर बसून राहिले असते, तरी दहा मिनिटांचे दोन दिवस झाले असते आणि सगळ्या घराला दिसलं असतं. बसलेही थोडा वेळ. चहा घेतला. मग आई भिंत धरून बाथरूमपर्यंत जाते, ते आठवलं. चहा अर्धा टाकला आणि मीटिंगचं दार वाजवलं.

साहेबांनी माझ्यासमोरच धाकटीला फोन लावला, स्पीकरवर.

"पैसे पाठवणाऱ्याला ओळखता?"

"नाही हो. नाव दिसतं, बाकी काही माहीत नाही."

"मग मी कशाच्या भरवशावर सोडू?"

तिचा आवाज रडवेला झाला. "माझी ताई आहे ना तिथे? तिला विचारा. ती नको म्हणाली तर नका सोडू."

असा राग आला! एवढा तोरा मिरवलास, आता मिरव की. शेवटी माझ्याच गळ्यात. साहेब माझ्याकडे बघत होते.

"दादाने पाठवलेले मी पाहिलेत," मी म्हटलं. "हिने सकाळी विकले तेव्हाही शेजारी होते. लेखी देते, सही घ्या माझी." पैसे सुटले. काउंटर बंद व्हायच्या आत धाकटीने भरलेसुद्धा.

ऑपरेशन छान झालं. आई शुद्धीवर आली, आणि पहिलं काय बोलावं? नर्सला म्हणाली, "माझ्या धाकटीने हो, दहा मिनिटांत पैसे आणले!"

गोळाबेरीज माझ्या जिभेवर तयार होती. पण धाकटीच आधी बोलली. "आई, पैसे अडकले होते. ताईने सोडवले. ती नसती तर आज तू इथे नसतीस."

मी आईकडे बघत राहिले. वेडी मी.

"तिचं काय," आई म्हणाली, "तिचं ते कामच आहे." आणि धाकटीचा हात हातात घेऊन मला म्हणाली, "पायाखालची उशी जरा वर घे गं."

मी घेतली.