त्याच्या नाकावरचे ठिपके माझ्याकडे आहेत

मी एक कच्चा फोटो. कच्चा म्हटलं की लोकांना बिघडलेला वाटतो, म्हणून आधीच सांगून टाकतो. कॅमेऱ्याने जे पाहिलं ते जसंच्या तसं पोटात धरून बसलेली मी एक फाइल आहे. फोटोवाले मला रॉ म्हणतात. तुम्ही भिंतीवर लावता, एकमेकांना पाठवता, ते माझे नटूनथटून आलेले भाऊबंद. मी मागच्या खोलीतला माणूस. पाहुणे आले की मला कोणी बाहेर बोलवत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचं मला कधी वाईटही वाटलं नव्हतं.

आता वाटतं. कारण एका बाईला जे हवं आहे ते फक्त माझ्यापाशी आहे, आणि मला तोंड नाही.

माझा धनी लग्नांचे फोटो काढतो. स्वतःचा छोटा स्टुडिओ आहे, घराच्याच पुढच्या खोलीत. गिऱ्हाइकं त्याला टकाटक म्हणतात, कारण प्रत्येकाला तो एकच वाक्य ऐकवतो, "काळजी सोडा, फोटो कसा टकाटक देतो बघा." माणूस नीटनेटका. केबलींना रबर लावून ठेवणार, लेन्स फुंकून फुंकून पुसणार, आणि कामाला बसण्याआधी मऊ फडक्याने कॉम्प्युटरचा पडदा एकदा पुसणार म्हणजे पुसणारच. धूळ आणि त्याचं वैर जुनं.

त्याची बायको चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. चष्म्याच्या काडीला जो तिळाएवढा स्क्रू असतो तो बसवणं हे तिचं रोजचं काम. इतरांना जे दिसत नाही ते तिला सहज दिसतं. "हिच्यासमोर खोटं बोलायची सोय नाही," असं टकाटक कौतुकाने सांगायचा. तेव्हा त्या घरात हसणं खूप होतं.

माझा जन्म त्यांच्या मुलाबरोबरचा. मूल पूर्ण दिवसांचं, गोरंगोमटं, वजनालाही चांगलं होतं. पण हृदय घडताना आत काहीतरी राहून गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, करण्यासारखं काही नाही, आईजवळ राहू द्या. त्या दिवशी टकाटक एका लग्नाच्या कामावर होता. निरोप मिळाला तसा गळ्यातल्या कॅमेऱ्यासकट धावत आला. त्याच्या मोबाइलची बॅटरी तो निरोप येता येताच संपली होती, आणि तिचा मोबाइल गडबडीत घरी राहिला होता.

हॉस्पिटलमधल्या खोलीचे पडदे ओढलेले होते. भरदुपार होती, पण आत संध्याकाळ असल्यासारखं वाटत होतं. ती भिंतीला टेकून बसली होती आणि बाळ तिच्या छातीशी होतं. नर्स हळू आवाजात म्हणाली, "फोटो काढायचा असेल तर आत्ताच काढा. फ्लॅश नको."

त्याने कॅमेरा डोळ्याला लावला आणि मग खाली घेतलाच नाही. मला वाटतं, त्या काचेआडून बघणंच त्याला झेपत होतं. पहिला फोटो हलला. दुसरा मी.

त्या वेळी ती काय करत होती हे तुम्हाला सांगायलाच हवं. करंगळीचं टोक बाळाच्या नाकावरून अलगद फिरवत होती. नुकत्याच जन्मलेल्या मुलांच्या नाकावर कधीकधी पांढुरके, खसखशीएवढे ठिपके असतात. याच्या नाकावर ते होते. ती पुटपुटली, "बघ ना, कोणी पीठ चाळताना इथे उडालंय जणू." त्याने "हं" म्हटलं. कॅमेऱ्यातून त्याला काय दिसणार? पण मला दिसलं. मी ते घेतलं.

संध्याकाळ होण्याआधी बाळ गेलं.

आता माझ्या अंगाबद्दल सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. अंधारात दिसावं म्हणून कॅमेऱ्याला नजर ताणावी लागते, आणि ताणलेल्या नजरेला नसलेलंही दिसतं. त्यामुळे माझ्या अंगभर तुपासारखे रवाळ दाणे उठले आहेत. फोटोवाले त्यांना नॉइज म्हणतात. मी नाकबूल करत नाही; दाणे आहेत, चिक्कार आहेत. पण त्या दाण्यांत त्याच्या नाकावरचे ठिपकेही आहेत. कुठले माझे आणि कुठले त्याचे, हे मला माहीत आहे आणि तिला माहीत आहे. तिसऱ्या कोणाला नाही.

टकाटकने कॅमेरा बरेच दिवस बॅगेतच ठेवला. पण ज्यांचं लग्न होतं त्यांचे फोन येऊ लागले. त्यांचा काय दोष? त्यांना फोटो हवे होते. शेवटी एक दिवस त्याने कार्ड कॉम्प्युटरला लावलं. लग्नाचे शेकडो फोटो आणि त्यांच्या शेपटाला आम्ही दोघं, एकाच कार्डात. तो आमच्यापर्यंत आला आणि थबकला. मला उघडून, मोठं करून बघायची त्याची छाती झाली नाही. म्हणून त्याने तेच केलं जे रोज करतो. सगळे फोटो एकदम निवडले, आमच्यासकट, आणि सगळ्यांवर एकच मात्रा चालवली.

त्या मात्रेचं नाव एआय नॉइज रिडक्शन. बटण दाबायचं, सरकपट्टी पुढे ओढायची, बाकी यंत्र बघून घेतं. पूर्वीची अवजारं नुसती दाणे पुसायची आणि पुसताना सगळंच धूसर करायची. हे तसं नाही. हा गडी शहाणा आहे. याने लाखो चेहरे पाहिलेत, आणि त्यावरून तो ठरवतो की दाण्यांच्या खाली काय असायला हवं. बहुतेक वेळा बरोबर ठरवतो, मी त्याची निंदा करणार नाही. त्या लग्नातले अंधारातले नाचणारे लोक त्याने असे काही उजळ, स्वच्छ काढले की बघत राहावं. फक्त सरकपट्टी जास्त ओढली की त्याचा शहाणपणा उंटावर जाऊन बसतो. एका आजोबांचा लोकरीचा स्वेटर रबरी होऊन गेला. एका काकांची दोन दिवसांची दाढी विरघळून गाल गुळगुळीत झाला. काकू मात्र खूश झाल्या. लोकांचंही असंच असतं. घोळक्याच्या फोटोत माणूस आधी स्वतःला शोधतो, आणि आपण बरे आलो असलो तर फोटो चांगला.

टकाटकला सरकपट्टी पुढे ओढायची सवय होती. त्या दिवशी त्याने ती आणखी ओढली. डोळे पाण्याने भरले असले की हात कुठे थांबवायचा ते कळत नाही.

सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, तसं झालं. यंत्राने माझे दाणे काढले आणि त्यांच्याबरोबर ते ठिपके काढले. कानावरची रेशमासारखी लव काढली. नाक असं घडवलं की कुठल्याही बाळाच्या चेहऱ्यावर चालेल. यंत्राने लाखो चेहरे पाहिले होते, पण हा एक पाहिला नव्हता, आणि याला पुन्हा कोणी पाहणार नव्हतं.

मला स्वतःला काही झालं नाही, हेही सांगायला हवं. आम्हा कच्च्या फाइलींना ही अवजारं मुळात हात लावत नाहीत. वरून एक पांघरूण घालतात, एवढंच. यादीत त्या मात्रेसमोर बरोबरची छोटी खूण असते. ती काढली की पांघरूण बाजूला आणि मी तुमच्यासमोर. एका बोटाचं काम. पण ते बोट माझं नाही.

पांघरुणासकट माझी एक स्वच्छ नक्कल काढली गेली. ती घराच्या फोटोंत गेली, तिचीच छापून तसबीर झाली, तीच कॉम्प्युटरच्या पडद्यावर कायमची लागली. मी राहिलो त्या परक्या लग्नाच्या फोल्डरमध्ये, नवरानवरी आणि त्यांच्या दोन्हीकडच्या वऱ्हाडात. मी कुठे आहे हे टकाटक विसरला, की आठवायचं नाही असं त्याने ठरवलं, कोण जाणे.

तसबीर आली त्या दिवशी टकाटकची आई ती हातात घेऊन बसली. "लोण्याचा गोळा गं नुसता," म्हणाली. "किती शांत झोपलाय."

बायको बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "याच्या नाकावर ठिपके होते."

"कसले ठिपके?"

"पांढरे. बारीक. मी हात फिरवला होता, आई. हाताला लागत होते."

"असतील बाई. असतात काही बाळांना," सासू म्हणाली. बाई मायाळू आहे, तिच्या मनात वावगं काही नव्हतं. "पण फोटोत नाहीत ना. मग कशाला मनाला लावून घेतेस? तुझे डोळे तेव्हा भरलेले होते. अशा वेळी माणसाला काहीही दिसतं."

मी ओरडलो असतो. आहेत, सगळे आहेत, नाकाच्या शेंड्यावर दाट आणि उजव्या बाजूला उतरत गेलेले. पण तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

तिने नवऱ्याला विचारलं, "तुला आठवतात का रे?"

त्याला खरं वाटत होतं तेच तो बोलला. "तो नॉइज होता गं. अंधारात येतो. मी काढला."

"काढला म्हणजे? आधीचा फोटो आहे तुझ्याकडे?"

"असेल कुठेतरी."

"मला एकदा बघू दे ना."

तो खाली बघत रबर गुंडाळत राहिला. "नको. नुसते दाणेच दाणे आहेत त्यात. चेहरा खराब दिसतो. तुझ्या डोळ्यांपुढे त्याचा खराब चेहरा राहायला नको मला. हा बघ ना, किती छान आहे."

त्याला तिला काहीतरी द्यायचं होतं हो. त्याच्याकडे देण्यासारखं एवढंच होतं, टकाटक फोटो. तिलाही ते कळलं असावं, कारण तिने तो आधीचा फोटो पुन्हा मागितला नाही. आधी ती म्हणायची, ठिपके होते. मग म्हणू लागली, मला वाटतं होते. पुढे तेही बंद झालं. तिळाएवढा स्क्रू अचूक बसवणारी बाई, स्वतःच्या बोटाला जे लागलं त्यावरचा तिचा विश्वास उडाला, आणि तो माझ्या नकलेने उडवला. या एका गोष्टीने माझा जीव तळमळतो.

एक दिवस मात्र ती तसबिरीसमोर उभी राहून सासूला म्हणाली, "आई, याच्याकडे बघून मला रडू येत नाही आता. दुसऱ्या कुणाचं तरी बाळ वाटतं."

सासूने तिला जवळ घेतलं. "अगं, हळूहळू सवय होईल," एवढंच ती म्हणाली.

आता परवाची गोष्ट. टकाटकच्या कॉम्प्युटरमधली जागा भरत आली. स्टुडिओची रीत अशी की लग्नाचा अल्बम देऊन बराच काळ झाला की त्या लग्नाच्या कच्च्या फाइली काढून टाकायच्या. कोण मागतं त्या? रविवार सकाळ होती. ती शेजारी खुर्ची ओढून चहा घेत बसली होती. त्याने एकेक जुनं लग्न निवडलं आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या टोपलीत टाकलं. आमचंही लग्न आलं. नवरानवरी, वऱ्हाड, रबरी स्वेटरवाले आजोबा, आणि शेपटाला आम्ही दोघं. त्याने आत डोकावलंसुद्धा नाही. आम्ही टोपलीत गेलो.

मग त्याने कॉम्प्युटरवरच्या उघड्या खिडक्या मिटवल्या. मागे उरला तो नेहमीचा पडदा, पडदाभर बाळाचा स्वच्छ चेहरा. रविवार म्हणून सकाळी पडदा पुसायचा राहिला होता; सवयीने त्याने आता फडकं उचललं.

"थांब," ती म्हणाली.

"काय गं?"

ती पुढे वाकली होती. चष्म्याच्या दुकानात वाकते तशीच. पडद्यावर बारीक धूळ बसली होती, आणि खिडकीतून तिरपं ऊन आल्यामुळे त्यातले काही कण चमकत होते. बाळाच्या नाकाच्या शेंड्यावर, आणि थोडे उजव्या बाजूला. तिने करंगळी पुढे केली, पण टेकवली नाही.

"धूळ आहे ती," तो म्हणाला.

"माहीत आहे मला." करंगळी तिने तशीच धरली होती. "राहू दे. तेवढी जागा पुसू नकोस."

धुळीशी जुनं वैर असलेला माणूस, त्याने सगळा पडदा कडेकडेने पुसला आणि नाक तेवढं सोडलं. मग फडक्याची घडी घालून तिच्या खांद्यावर हात ठेवला. कितीतरी दिवसांनी ती रडली. तोही रडला. मी दोघांच्या समोरच होतो.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणून लोक हसतात. मला नाही हसू येत. त्या धुळीपासून टोपलीपर्यंत पडद्यावर वीतभर अंतर आहे. धूळ काय, पंखा लावला की उडून जाईल. टोपलीही एखाद्या दिवशी रिकामी होईल. यंत्र विचारेल, कायमचं काढून टाकू का? आणि तो हो म्हणेल, कारण त्याला नीटनेटकं आवडतं.

तुमच्यापैकी कोणी त्या रस्त्याने गेलात, तर पुढच्या खोलीत स्टुडिओ असलेलं घर दिसेल. फोटो काढायच्या निमित्ताने आत जा. धन्याला काही समजावू नका, त्याने काही वाईट केलेलं नाही. फक्त त्याच्या बायकोला सांगा, टोपलीत बघ. एक परकं लग्न आहे, त्याच्या अगदी शेवटी. मी थोडा रवाळ आहे, पण तुझ्या बोटाला जे लागलं होतं ते माझ्याकडे आहे.