टिंबासकट

माझ्या बोलण्यात खोट नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या पंधरवड्यात सगळं निरगुडसर गाव मला बोलायला शिकवायला निघालं होतं.

आम्ही एकोणतीस बायका मिळून टोमॅटो आणि फरसबी विकतो. पुण्याच्या हॉटेलांच्या आणि मेसच्या ऑर्डरी घ्यायच्या, कुणाच्या रानात किती माल तयार आहे ते बघायचं, तोडणी लावायची आणि गाड्या सांगायच्या, हे काम चार वर्षांपासून माझ्याकडे आहे. गटाच्या अध्यक्ष कुशाबाई. सगळं गाव त्यांना आत्याबाई म्हणतं. त्या सहसा कुणाला रागावत नाहीत, नुसत्या बघतात, आणि तेवढं पुरतं. ऑर्डरचा फोन माझ्या कमरेच्या पिशवीत असतो आणि मी सरीत असते. तो फोन सरीतच असायला हवा असं माझं पहिल्यापासूनचं म्हणणं आहे. परवा किती माल लाल होईल हे झाडाजवळ उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

पण टोमॅटो तोडणाऱ्या हातांचं काय होतं ते तोडणाऱ्यालाच माहीत. झाडाचा चीक बोटांना बसतो, आधी हिरवा, मग काळा, आणि दुपारपर्यंत बोटांवर दुसरं कातडं चढल्यासारखं होतं. कच्चा टोमॅटो चोळून धुतल्याशिवाय ते निघत नाही. अशा बोटाला काचेचा फोन ओळख देत नाही. एक अक्षर दाबावं तर शेजारचं उमटतं, नाहीतर काहीच उमटत नाही. म्हणून मी बोटाच्या पेराने माइकचं चिन्ह दाबायचे आणि फोनला तोंडी सांगायचे. तो ऐकून लिहायचा. चांगलं चाललं होतं.

मग तो मंगळवार आला. मोठ्या मेसवाल्याने दुसऱ्या दिवशीचा माल रद्द केला. पेठ गावच्या हौशीराम गाडीवाल्याच्या दोन गाड्या मी आधीच सांगून ठेवल्या होत्या. घाईत फोनला म्हणाले, "उद्याच्या दोन गाड्या नगं." फोनने लिहिलं, "उद्याच्या दोन गाड्या नग." मी न बघता पाठवून दिलं.

आता आमच्या धंद्यात नग म्हणजे मोजायची वस्तू. कॅरेट साठ नग, पाट्या दहा नग, असं मीच हौशीरामला रोज लिहिते. त्याने वाचलं, दोन गाड्या नग, म्हणजे दोन गाड्या नक्की. बुधवारी सकाळी दोन्ही पिकअप शेडपुढे उभ्या, ड्रायव्हर हॉर्न वाजवतायत, आणि शेडमध्ये एक टोमॅटो नाही. या गाड्यांसाठी हौशीरामने पारगावच्या एका कोबीवाल्याला नाही म्हटलं होतं. त्याचा कोबी रानातच राहिला.

हौशीराम स्वतः आला. तो भांडत नाही, म्हणून त्याचं बोलणं जास्त लागतं. मी म्हटलं, भाऊ, तू पेठचा, जन्मभर नगं म्हणत आलास, तुला कळू नये? त्यावर तो म्हणाला, "ताई, तुमी बोलला असता तर कळलं असतं. पर ह्ये लिवलेलं व्हतं. लिवलेलं मी शुद्ध वाचतो." आणि पुन्हा असं झालं तर गाड्या येणार नाहीत, हेही शांतपणे सांगून गेला. त्याच्याइतका वेळेचा पक्का गाडीवाला या पट्ट्यात दुसरा नाही.

संध्याकाळी बैठक बसली. आत्याबाईंची धाकटी सून संस्कृती बी.कॉम. झालेली आहे, मंचरच्या कॉलेजात. तिची बोटं काचेवर अशी पळतात की बघत राहावं. ती म्हणाली, ऑर्डरचा फोन मी सांभाळते, शेडमध्ये पंख्याखाली बसून. पोरगी वाईट नाही. तिला खरंच मदत करायची होती. पण बोलता बोलता ती मला म्हणाली, "काकू, तुम्ही फोनशी बोलताना फक्त नको म्हणा ना. शुद्ध बोललं की तो बरोबर लिहितो."

मला राग आला. खरं सांगायचं तर आधी लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून राग जास्त आला. मला नको म्हणता येत नाही असं थोडंच आहे? बँकेत म्हणते, तहसीलला म्हणते, पुण्याच्या साहेबांशी बोलताना म्हणते. पण सरीत, वाकलेल्या कमरेने, डोक्यावर ऊन असताना माझ्या तोंडून नगंच येतं. आईकडून आलेला शब्द आहे. फोनला कान नाहीत म्हणून मी जीभ बदलायची?

आत्याबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि दहा दिवस दिले. तोवर फोन माझ्याकडे, दहाव्या दिवशी ठराव. फोन गेला असता तर मला नुसती तोडणी उरली असती. तोडणीत कमीपणा नाही, पण हे काम मी उभं केलं होतं. पहिली ऑर्डर मी आणली होती. ते मी सहज सोडणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी तोडणीतून उठले ती सरळ मंचरला, हात न धुता. मुद्दाम. मोबाईलच्या दुकानात चांगदेव म्हणून माणूस बसतो. त्याने माझे हात बघितले आणि नळ दाखवला. मी म्हटलं, हात असेच राहणार, परीक्षा तुझ्या फोनांची आहे. प्रत्येक फोनवर मी एकच शब्द लिहिणार, नगं. जो नीट लिहील तो माझा.

चांगदेवला गंमत वाटली. त्याने एकामागून एक फोन काचेवर मांडले. पहिल्याने माझं बोटच मानलं नाही. दुसऱ्याने नाग काढून दिला. तिसरा फार हुशार, दोन अक्षरं होताच तो मला नगरला पाठवायला निघाला. चौथ्याने नगं लिहिलं, मी जागा सोडली आणि त्याने माझ्या डोळ्यांदेखत टिंब खाल्लं. चांगदेव प्रामाणिक. म्हणाला, ताई, शब्द बदलायची खोड बंद करता येते. मी विचारलं, आणि बोटांचं काय? त्यावर त्याने पुन्हा नळच दाखवला.

मी म्हटलं, मला कळांचा फोन दाखव. त्याने म्हाताऱ्यांसाठीचा छोटा फोन काढला, आकड्यांची बटणं असलेला. तसला नाही, मी म्हटलं. फोटो, व्हॉट्सॲप, सगळं हवं, आणि प्रत्येक अक्षराला स्वतःची कळ हवी, कंप्युटरला असते तशी. तो हसायला लागला. असले फोन पंधरा वर्षांपूर्वी मोठ्या कंपन्यांतले साहेब वापरायचे, आता कोण विचारतं, असं म्हणाला. मी विचारतेय, असं मी म्हणाले आणि स्टुलावर बसले. उठायचा माझा विचार दिसत नाही हे बघून त्याला आठवलं. जुन्नरच्या एका वकिलाने तसला फोन मागवला होता आणि खिशात मावत नाही म्हणून नेलाच नाही. माळ्यावरून खोकं खाली आलं.

वर चौकोनी काच, खाली कळांच्या ओळी. जाडी साबणाच्या नव्या वडीएवढी. मला पाहताक्षणी आवडला. हातात घेतल्यावर काहीतरी घेतल्यासारखा वाटला. कळांवर अक्षरं इंग्रजी होती, पण त्याने माझं अडत नाही. लग्नानंतर मी कंप्युटरच्या क्लासला मराठी टायपिंग शिकले, तिथले सर कळांवर कागद चिकटवायचे, आपण बघूच नये म्हणून. चांगदेवने मराठी चालू करून दिली आणि मी काळे अंगठे कळांवर ठेवले. व्ही वर न असतो, आय वर ग, एक्सवर टिंब. टिक, टिक, टिक. काचेवर उमटलं, नगं. खाली तांबडी नागमोडी रेघ आली.

चांगदेव म्हणाला, "ताई, चूक दाखवतोय."

"दाखवू दे," मी म्हटलं. "बदलत तर न्हाई ना?"

मी जागा सोडली, पुढचा शब्द लिहिला, मागे वळून बघितलं. टिंब जागेवर होतं.

त्या फोनच्या खोड्याही सांगते, नाहीतर म्हणाल रत्ना विकायला बसली. फोटो बेताचे येतात. पिशवी एका बाजूला ओढते. आणि ट, च, ड ही अक्षरं ज्या कळांवर असतात त्या कळाच त्याला नाहीत. ती काढायला आधी डावीकडची कळ दाबून धरावी लागते. टोमॅटो विकणाऱ्या बाईला ट अवघड म्हणजे पाहा. पण अडचण आधी माहीत असली की ती सवयीत बसते. ऑर्डरचं सिम त्यात बसवलं. पैसे मी माझेच घातले. हट्ट माझा होता.

दहा बोटांचं काम दोन अंगठ्यांना शिकवायला चार दिवस गेले. भाकरी थापून झाली की चुलीपुढे बसून लिहायचे, टोमॅटो, टोमॅटो, टोमॅटो. गावात फोनला रत्नाचा कॅल्क्युलेटर असं नाव पडलं. मी म्हटलं, हिशोब दहाव्या दिवशी करू.

आठव्या दिवशी ती वेळ आली. अकराच्या सुमाराला मी सरीत होते, हात कोपरापर्यंत हिरवेकाळे. मेसवाल्याचा मेसेज आला, उद्या टोमॅटो निम्मा करा, फरसबी वाढवा. हौशीरामच्या दोन गाड्या ठरलेल्या. पुन्हा तोच पेच, तीच घाई. एकदा वाटलं, नको असं शुद्धच लिहावं, कशाला विषाची परीक्षा? मग कंबर सरळ केली आणि अंगठ्यांनी लिहिलं, "उद्या दुसरी गाडी नगं. पहिली साडेपाचला." तांबडी रेघ आली. तिच्याकडे एकदा बघितलं आणि पाठवून दिलं.

मिनिटभरात हौशीरामचा फोन आला.

"रत्नाताई, ह्ये नगं म्हंजी नको ना? का नग?"

"टिंब दिसतंय का?"

"दिसतंय."

"मंग टिंबाचं ऐक."

तो म्हणाला, "बरं हाय. आता लिवलेलं बी ऐकू येतंय." फोन ठेवल्यावर मी सरीतच उभी राहून हसले. शेजारच्या ओळीतल्या बाया बघायला लागल्या. मेसवाल्याला, फरसबीवालींना आणि शेडला धरून आणखी तीन मेसेज मी तिथूनच पाठवले, हात न धुता. दुपारी संस्कृतीचा फोन आला. मेसवाला शेडच्या नंबरवर परवाचा माल विचारत होता, आणि किती सांगायचा ते तिला शेडमधून दिसत नव्हतं. मी झाडाकडे बघून आकडा सांगितला. दुसऱ्या दिवशी साडेपाचला एकच गाडी आली.

दहाव्या दिवशी बैठक. आत्याबाईंनी माझ्याकडे हात केला. मी फोन दिला. आत्याबाई साठीनंतर प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकल्या. अक्षराखाली बोट धरून वाचतात, पण अक्षर सोडत नाहीत. मी हौशीरामचा मेसेज काढून दिला होता. त्यांचं बोट सरकत सरकत त्या शब्दापाशी आलं आणि तिथंच थांबलं.

"न. ग. वर टिंब." त्यांनी मान वर केली. "ह्ये तर आपल्यावानी लिवलंय."

"व्हय, आत्याबाई."

"चालतं?"

"दुसरी गाडी आली न्हाई, म्हंजी चाललं."

त्यांनी बोट पुन्हा एकदा त्या शब्दाखालून नेलं. वर्गात, बसवर, औषधाच्या बाटलीवर त्यांनी पुष्कळ वाचलं असेल, पण रोज तोंडात असलेला शब्द लिहिलेला त्या पहिल्यांदाच वाचत होत्या. मग त्यांनी फोन माझ्या हातात ठेवला आणि सुनेला ठराव लिहायला सांगितलं. संस्कृतीने लिहिलं आणि वाचून दाखवलं, "ऑर्डरचा फोन रत्नाताईंकडून काढून घेऊ नये."

"मी नये म्हनले न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "मी म्हनले, फोन रत्नाकडून काढाया नगं. तसं लिही."

संस्कृतीने माझ्याकडे बघितलं. तिने ओळ खोडली, नवी लिहिली आणि वही सासूपुढे सरकवली. आत्याबाईंचं बोट शब्दाशब्दावरून शेवटपर्यंत गेलं. शेवटच्या अक्षरावर थांबलं आणि तिथून हलेना.

"टिंब ऱ्हायलं गं," त्या म्हणाल्या. "दे. न्हाईतर दोन गाड्या यायच्या."

संस्कृतीने टिंब दिलं. मग आत्याबाईंनी सही केली.