पहिलं वाक्य

भागवत हवालदार गल्लीत शिरला की बायका हातातलं काम टाकून दारात येत आणि तो कोणाच्या घरापुढं थांबतो ते बघत. तो पुढं निघून गेला की त्यांचा जीव भांड्यात पडे. मग त्याच लाजून आत जात, कारण इथं थांबला नाही म्हणजे तो दुसऱ्या कोणाच्या तरी दारात थांबणार होता.

मलकापूरवरून महामार्ग जातो, रेल्वे जाते. दोन्हीकडं माणसं मरतात आणि त्यांच्या घरी जाऊन कोणाला तरी सांगावं लागतं. ठाण्यात हे काम ठरवून कोणाचंच नव्हतं, म्हणून ते भागवतच्या गळ्यात पडलं. तो गेला तर घरचे अंगावर धावून येत नाहीत, ठाण्यापुढं जमाव जमत नाही, हे एका साहेबाच्या लक्षात आलं. मग बदली होऊन जाणारा प्रत्येक साहेब नव्या साहेबाला सांगून जाई, “खबर द्यायला भागवतला पाठवत जा.” अशी वर्षं गेली. लग्नाच्या पंगतीत त्याच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. पाहुण्यांकडं निघायचं तर त्याची बायको आधी फोन करून सांगायची, “आमी सहजच येऊन राह्यलो, घाबरू नका.”

अनुपमा त्याच्याकडं आली ती याच कामाविषयी विचारायला. पोरगी मूळची याच जिल्ह्यातल्या सुलतानपूरची, पुण्याच्या एका संस्थेत शिकत होती. दुसऱ्याचं दुःख उचलणं हेच ज्यांचं रोजचं काम, अशा माणसांच्या जगण्याचा ती अभ्यास करत होती. जळीत वॉर्डातल्या नर्सांशी बोलून झालं होतं, शवागारातल्या माणसांशी झालं होतं. साहेबांची परवानगी घेऊन तिनं ठाण्यामागच्या कडुलिंबाखाली दोन खुर्च्या टाकल्या आणि मोबाइल रेकॉर्डिंगला लावून मध्ये ठेवला.

“काका, तुम्ही नेमकं सांगता कसं?”

“पहिल्याच वाक्यात,” भागवत म्हणाला. “माणसाचं नाव घ्यायचं, अन् गेला म्हणून सांगायचं. सिरियस हाये, दवाखान्यात चला, असं काई म्हणायचं नाई. आस लावली की घरच्याइले ते मरण दोनदा सोसावं लागते.”

“आणि मग तुम्ही घरी गेल्यावर?”

“आंघोळ करतो.”

“नंतर?”

“जेवतो.”

 अनुपमा मान खाली घालून थांबून राहिली. एवढा वेळ त्याच्यासाठी कोणी कधी थांबलं नव्हतं.  

“कधी असं वाटलं का, की सांगूच नये?” तिनं हळूच विचारलं.

“रोज वाटते,” तो म्हणाला. आणि हे आपण बोललो याचंच त्याला नवल वाटलं.

तेवढ्यात आतून बोलावणं आलं. महामार्गावर ट्रकनं मोटरसायकल उडवली होती. पोरगा कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला होता. कामावरून घरी निघाला होता. नाव शिवम, वडिलांचं नाव पंजाबराव, गाव नळगंगेकाठचं. दवाखान्यात नेईस्तोवर संपला होता. साहेबांनी गाडी दिली. ओळख पटवायला घरचं माणूस सोबतच आणायचं होतं. “लवकर जा,” साहेब म्हणाले. “हल्ली माणसाच्या आधी फोटो पोचतो.”

अनुपमानं विचारलं, “मी आले तर चालेल?” भागवतनं एरवी नाही म्हटलं असतं. आज त्याला सोबत हवीशी वाटली.

पंजाबरावांचं घर गावाच्या तोंडालाच होतं. अंगणात वेचून आणलेला कापूस वाळत घातला होता आणि शिवमची आई, आशाबाई, त्यातला काडीकचरा वेचत बसली होती. पंजाबराव शेतात होते. गाडीचा आवाज ऐकून तिनं मान वर केली. तिनं त्याला ओळखलं. मागच्या साली तो याच गल्लीत शेजारच्या घरी येऊन गेला होता, आणि त्या घरची बाई हिच्याच मांडीवर बेशुद्ध पडली होती.

“आशाताई,” भागवतनं सुरुवात केली.

“बसा,” ती म्हणाली.

“ताई, शिवम...”

“बसा म्हणते ना भाऊ. उन्हातून आले. पाणी आणते.”

ती आत गेली. तांब्या-पेला घेऊन आली. तिनं पेला पुढं धरला. भागवतनं पाणी घेतलं नाही. तो परत तोंड उघडणार, तोच तिनं पदर तोंडाशी धरला आणि अगदी हळू आवाजात, विनवणी केल्यासारखी म्हणाली, “बोलू नका. तुमच्या पाया पडते. तुमी बोलले नाई तोवर तो हाये.”

आणि ती खरंच वाकली. त्याच्या धुळीनं भरलेल्या बुटांवर तिनं डोकं टेकलं.

भागवतच्या तोंडात ते वाक्य तयार होतं. किती घरी, किती दारांत उच्चारलेलं. पण जीभ उचलेना. त्यानं अनुपमाकडं पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती, तोंड पांढरंफटक. त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला, दुसरंच कोणी बोलल्यासारखा.

“लागलं हाये त्याले. दवाखान्यात हाये. चला.”

आशाबाई उठून बसली. तिच्या चेहऱ्यात जीव आला.

“जिता हाये ना?”

“चला,” भागवत म्हणाला.

मग तिला कुठलं काम आधी करावं ते सुचेना. शेजारणीच्या पोराला तिनं शेतात पिटाळलं, शिवमच्या बापाले म्हण, मागून या. चुलीजवळ जाऊन दोन भाकरी, वांग्याची भाजी डब्यात भरली. “दवाखान्यातलं त्याले जात नाई,” ती म्हणाली. शिवमचा धुतलेला शर्ट, टॉवेल, सतरंजी पिशवीत कोंबली. भागवत अंगणात उभा राहून हे बघत होता. अजूनही सांगता आलं असतं. डबा भरून होईपर्यंत सांगता आलं असतं, ती कडी लावेपर्यंत सांगता आलं असतं.

गाडीत ती मागं अनुपमाजवळ बसली. भागवत पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी. वाटेत तिला बोलण्याचा उमाळा आला. शिवमला सांगून सांगून थकले, हेल्मेट घाल, पण ऐकत नाही. हात मोडला असला तर वेचणीचं कसं होईल, पण जाऊ द्या, वेचणीले बाया भेटतात. पिशवीत घरची केळी होती. एक तिनं सोलून अनुपमाच्या हातात दिलं, एक स्वतः खाल्लं. सकाळपासून पोटात काही नव्हतं, म्हणाली.

“बाई, तुमी डाक्टर हाये का?”

“नाही मावशी.”

“शिकेल तर दिसता. हातपाय मोडल्यानं माणूस मरत तर नाई ना?”

अनुपमानं मान हलवली. नाही मरत, या अर्थानं. भागवतनं ते आरशात पाहिलं.

महामार्गाला लागता लागता आशाबाईच्या पिशवीतला फोन वाजला. भागवत वळला आणि हात पुढं केला. “द्या इकडं, ताई. मी बोलतो.” तिनं विश्वासानं दिला. शेजारणीचा फोन होता. त्यानं तो कानाला लावला, पलीकडून रडण्याचा आवाज ऐकला आणि फोन बंद करून खिशात टाकला. “नेटवर्क नाई,” तो म्हणाला.

दवाखान्याच्या फाटकातून गाडी आत गेली आणि वॉर्डाकडं न वळता मागच्या बाजूला वळली. आशाबाई डबा सांभाळत उतरली. समोरची बैठी खोली, बाहेर उभी असलेली माणसं, माना खाली घातलेली जिनिंगमधली पोरं, हे सगळं तिनं एकदा पाहिलं. मग ती वळून भागवतसमोर उभी राहिली.

“तुमाले माहीत होतं,” ती म्हणाली.

“हाव.”

“घरीच माहीत होतं.”

“हाव, ताई.”

ती रडली नाही. डब्याकडं बघत राहिली. “माहा लेक इथं थंडा पडेल होता,” ती म्हणाली, “अन् मी रस्ताभर केळं खात आली. वेचणीच्या गोष्टी करत आली.” मग ती त्या खोलीकडं धावली. जिनिंगच्या पोरांनी तिला धरलं. भागवत पुढं झाला तसा तिनं हात आडवा केला. “याले नका हात लावू देऊ.”

अनुपमा दवाखान्याच्या नळावर गेली. तोंड धुऊन आली तेव्हा भागवत गाडीच्या पायरीवर बसला होता.

“मी तो प्रश्न विचारायला नको होता,” ती म्हणाली. “मी विचारलं म्हणूनच...”

“तुमी कशाले, मॅडम. प्रश्न तर आधीपासूनच होता.” मग त्यानं विचारलं, “तुमी मान काऊन हलवली?”

 पुण्याला जाण्याआधी अनुपमानं फोन करून विचारलं, लिंबाखालचं रेकॉर्डिंग पुसून टाकू का. त्यानं सांगितलं, “ठेवा. पण त्याच्यापुढं काय झालं तेही लिहा. नाईतर लोकाइले वाटीन मले जमते.”

त्यानं साहेबांना जाऊन सांगितलं, हे काम आता माझ्याकडून होणार नाही. साहेब समजूतदार होते. पुढची खबर द्यायला त्यांनी प्रतीक्षा नावाच्या नव्या शिपाई पोरीला पाठवलं. ती परत आली ती सरळ बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. भागवत दाराशी चहाचा ग्लास धरून उभा राहिला. चहा थंड झाला. दार ठोठावावं तर आतल्या पोरीला काय म्हणायचं, ते त्याला सुचलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यानं ते काम परत अंगावर घेतलं.

वेचणी संपत आली तेव्हा आशाबाई ठाण्यात आली. एकटीच होती. भागवतनं खुर्ची दिली, ती बसली नाही.

“तुमच्यावर मले भरोसा नाई,” ती म्हणाली. “पण दुसऱ्या कोणाले विचारू. तो लगेच गेला का?”

लगेच गेला, असं सगळ्यांनी तिला सांगितलं असणार. पंजाबरावांनाही तेच सांगितलं होतं. भागवतला खरं माहीत होतं, कारण अपघात झाला तिथल्या ढाबेवाल्याशी तो स्वतः बोलला होता. यावेळी त्यानं कोणाकडं पाहिलं नाही.

“नाई, ताई. लगेच नाई गेला. ढाबेवाल्यानं त्याले पाणी पाजलं. शुद्धीत होता. बोलला. ॲम्ब्युलन्समध्ये घातल्यावर गेला.”

“काय बोलला?”

भागवत अडखळला.

“सांगा.”

“ढाबेवाला म्हणे, घरचा नंबर दे, फोन लावतो. तर म्हणे, नका लावू. आई घाबरते.”

आशाबाईनं टेबलाची कड धरली.  ठाण्यात माणसं येत-जात होती, वायरलेसवर कोणी कोणाला बोलावत होतं. मग ती म्हणाली, “म्हंजे फोन लागला असता. मी उचलला असता. हातातच होता फोन.”

“हाव.”

“मी बोलली असती त्याच्याशी.”

 ती बाहेर निघाली. पायऱ्यांपर्यंत गेली आणि परत आली.

“यांले हे सांगू नका,” ती म्हणाली. “यांले वाटते, पोराले काई कळलंच नाई. त्याच्यावरच दोन घास खातात. यांनी विचारलं, तर लगेच गेला म्हणून सांगा.”

“खरं नाई सांगत त्याइले, ताई.”

“मलेही आता घरी तुमच्यासारखं तोंड करून राहा लागीन,” ती म्हणाली. तिनं पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट पाहिलं. त्या बघण्यात माफी नव्हती. तिनं पदर डोक्यावरून सारखा केला आणि गावाकडं जाणारा ऑटो धरायला ती रस्ता ओलांडून गेली.