न नेलेले कपडे

शेवटच्या साध्या दिवशी आमच्या घरात भांडण झालं ते मोज्यावरून. दादाचा निळा मोजा एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या चादरींबरोबर मशीनमध्ये गेला आणि चादरींना निळी झाक आली. खाली आमची लॉन्ड्री, वर आम्ही राहायचो. त्यामुळे घरची भांडणं गिऱ्हाइकांना फुकटात ऐकायला मिळत.

"लिफ्ट दुरुस्त करतो म्हणे," आई म्हणाली. "स्वतःचा मोजा सांभाळता येत नाही, आणि लोक याच्या भरवशावर दहाव्या मजल्यावर जातात."

"जातात आणि धड खाली येतात," दादा म्हणाला. "तुझ्या चादरींसारखे निळे पडत नाहीत."

"हळू बोला," बाबा इस्त्रीवरून मान वर न करता म्हणाले. "हेडमास्तर उभे आहेत."

"चालू द्या," हेडमास्तर काउंटरपलीकडून म्हणाले. "मला घाई नाही. निवृत्त माणूस."

मी जिन्यात वाचत बसले होते. दादाने जाता जाता माझ्या हातातलं पुस्तक उलटं करून परत हातात दिलं आणि म्हणाला, "आजीबाई, आता तरी कळतंय का बघा." मी वर पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो एका इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम करत होता. वर अडकवून ठेवलेली लिफ्ट सुटून खाली आली.

आईने अन्न सोडलं, मग पाणीही. इस्पितळात नाकातून नळी घातली, ती तिने उपटून काढली. दुसऱ्यांदा हात बांधले, तेव्हा तिने नर्सकडे अशा नजरेने पाहिलं की नर्सच बाहेर जाऊन रडली. ती जगणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं. तेव्हा तिथल्याच एका डॉक्टरांनी स्मृतिकेंद्राचं नाव सुचवलं.

केंद्रातला डॉक्टर फार गोड बोलायचा. मी मनात त्याचं नाव साखरतोंड्या ठेवलं होतं. त्याने समजावून सांगितलं की माणसाने एखादी गोष्ट आठवली की ती आठवण थोडा वेळ मऊ पडते. तेवढ्यात औषध दिलं आणि ओळखीच्या, विश्वासाच्या आवाजात दुसरं काही सांगितलं, तर तेच खरं म्हणून बसतं. जुन्यावर नवा थर चढतो.

"म्हणजे कपडा ओलसर असताना इस्त्री फिरवायची," बाबा म्हणाले. "मग घडी हवी तशी बसते."

"अगदी बरोबर," साखरतोंड्या म्हणाला.

विश्वासाचा आवाज म्हणजे माझा. बाबांचा आवाज त्या दिवसांत घशाबाहेर येत नव्हता. काय सांगायचं ते आम्ही दोघांनी ठरवलं. आईच्या खुर्चीशी बसून मी मायक्रोफोनमध्ये म्हणाले, "आई, दादा परदेशी गेलाय. मोठ्या जहाजावर लिफ्टचं काम मिळालंय. लांबचं कंत्राट आहे."

मग डोळे न उघडताच तिने विचारलं, "मोजे नेलेत का पुरेसे?"

त्या संध्याकाळी ती जेवली. बाबा तिथल्या न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. मी बाहेर उभी राहून आईशी मोठमोठ्याने बोलत राहिले.

घरी पाठवताना साखरतोंड्याने मला बाजूला घेतलं. "बाहेरच्यांची काळजी करू नका. त्यांचं बोलणं थरावरून घसरून जाईल. जपायचं ते तुम्ही. ज्या आवाजाने थर बसतो, त्याच आवाजाने तो फुटतो. आणि एकदा फुटला की पुन्हा चढवता येत नाही. बातमी त्यांना पहिल्यांदा ऐकल्यासारखी लागेल."

त्याचं म्हणणं खरं होतं. साबणाची पोती घेऊन येणारा माणूस एकदा काउंटरवर म्हणून गेला, "वहिनी, मुलाचं ऐकून फार वाईट वाटलं हो." आई म्हणाली, "हो ना, फारच लांब गेला," आणि पोती कुठे ठेवायची ते दाखवू लागली.

मी मात्र तो शब्द कुठेच उच्चारला नाही. बंद खोलीत नाही, आरशासमोर नाही. झोपेत तोंडातून निघेल म्हणून आईच्या खोलीत झोपणं सोडलं. डोळे लाल दिसले की साबणाच्या पावडरीवर ढकलायची. त्याच्याविषयी बोलायचं तर वर्तमानकाळात, हसत.

आम्ही सगळ्याचा विचार केला होता. एकच सुचलं नव्हतं, की जिवंत मुलाकडून आई काहीतरी अपेक्षा करते.

"फोन का नाही करत?"

"जहाजावर रेंज नसते, आई."

"किनारा लागतच नाही का त्या जहाजाला? लोकांची मुलं चार ओळी तरी पाठवतात."

मी सबबी शोधत राहिले. काम, हवामान, आजारी सहकारी. कुठे कुठे पुरणार? थंडीत तिला ताप भरला, आठ दिवस अंथरुणात होती. उठली तेव्हा पहिलं विचारलं, "त्याला कळवलं होतंस?"

"कळवलं होतं."

"मग?"

मी तिचं पांघरूण घडी करू लागले.

"मेला कुठला," ती म्हणाली. लहानपणापासून आम्हा दोघांना ती लाडाने असंच म्हणायची. आता त्यात लाड नव्हता. बाबांच्या हातातली इस्त्री जागच्या जागी थांबली. कापड करपायला लागलं तेव्हा मी ती उचलली.

आमच्या दुकानाचा एक नियम आहे. धुऊन ठेवलेले कपडे कुणी न्यायला आलं नाही, तर ते मागच्या भिंतीशी शेवटच्या दांडीवर जातात. वर्षभर वाट पाहायची, मग गरजूला देऊन टाकायचे. प्रत्येक कपड्याला गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी असते. एके दिवशी मी खाली आले तर दादाचे शर्ट त्या दांडीवर ओळीने टांगलेले. कडक इस्त्री केलेले, चिठ्ठ्या कोऱ्या.

"हे काय, आई?"

"न्यायला येणार नाही त्याचे कपडे आपण का अडवून ठेवायचे? दुकान आहे, धर्मशाळा नाही."

"वर्ष कुठे झालंय?"

"मला झालंय."

तेवढ्यात हेडमास्तर आले. आईने दादाचं जाकीट काढलं आणि त्यांच्या पुढे धरलं. "घालून बघा. तुमच्या अंगाला येईल."

हेडमास्तर त्याला खांदा देऊन आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी जाकीट घातलं, आईने मागून कॉलर सारखी केली, आणि ते पैसे न देता, स्वतःचे कपडेही न घेता निघून गेले.

त्या आठवड्यात बाबा एकटेच केंद्रात जाऊन आले. दुपारी आई वर पडली होती, तेव्हा बोलले.

"डॉक्टरसाहेब म्हणतात, आणखी एकदा करता येईल. राग काढायचा तर मुळापासून काढावं लागेल."

"मूळ म्हणजे काय, बाबा?"

त्यांनी एका बाहीवरून तीच इस्त्री पुन्हा फिरवली. "तो. आपल्याला तू एकटीच. पहिल्यापासून."

"आणि त्याचे फोटो? त्याची खाट?"

"मी हलवीन. लोकांचं बोलणं तर घसरूनच जातं." ते खाली बघत म्हणाले, "ती त्याला रोज शिव्याशाप देते, पोरी. मला ऐकवत नाही. त्यापेक्षा तो नव्हताच हे बरं."

"बरं कुणाला?"

"तिला. मी गिळीन. तुला फक्त एक वाक्य बोलायचंय."

"आणि नाही बोलले तर?"

"तर तुझ्या मनात काय आहे ते मला सांग. तिने पुन्हा नळी उपटली, तर तिचे हात तू धरणार आहेस का?"

मी गप्प बसले. त्यांनी तो होकार धरला. मीही धरू दिला.

आईला आम्ही रक्तदाब तपासायला जायचंय असं सांगितलं. केंद्रातली खोली तीच, खुर्ची तीच. काचेपलीकडे बाबा हातात तिची पिशवी घेऊन उभे होते. साखरतोंड्याने माझ्यासमोर मायक्रोफोन ओढला, हळूच म्हणाला, "'आई, मी तुझं एकुलतं एक मूल.' इतकंच. औषध दिल्यावर मी खूण करीन," आणि औषध भरून आणायला आतल्या खोलीत गेला.

आईने खुर्चीवरच्या चादरीची कड बोटांत धरून पाहिली. "हे कोण धुतं इथलं? नीळ सढळ हाताने, आणि साबण उसना आणल्यासारखा."

"आपण धरू का यांचं काम?"

"नको गं. या लोकांचं उधारीचं तोंड दिसतं." ती किंचित हसली. मग काचेकडे, बाबांकडे पाहत राहिली. "वाळलेत हे. मुलामुळे. असला मुलगा असण्यापेक्षा नसलेला परवडला."

आत बाटली टेकवल्याचा आवाज झाला.

"असं म्हणू नये, आई."

"लोकांसमोर म्हणते. रागाने बोललं की बरं पडतं." तिने माझा हात ओढून घेतला आणि आवाज खाली आणला. "पण तू खरं सांग. त्याने तुला सांगितलं असेल. मी त्याला काय बोलले? रोज आठवून बघते, काही सापडत नाही. माझी जीभ तिखट आहे, मला ठाऊक आहे. पण असं काय लागलं त्याला, की आईला ताप आला तरी त्याने वळून पाहू नये?"

तेव्हा मला दिसलं, की इतके महिने ती त्याच्यावर रागावलेली नव्हतीच. एका न केलेल्या अपराधाचा शोध घेत ती रोज रात्री जागत होती, आणि तो अपराध तिच्या कपाळी मी मारला होता, माझ्याच आवाजात. आता मुलगा पुसला, तरी अपराधाची टोचणी कुठे जाणार? त्या टोचणीला नाव उरणार नव्हतं, एवढंच.

साखरतोंड्या ट्रे घेऊन आला. सुईतली हवा काढून त्याने माझ्याकडे पाहिलं.

"थांबा," मी म्हणाले.

"वेळ गेला तर—"

"थांबा म्हटलं ना."

काय होतंय ते काचेपलीकडे बाबांना माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं असावं. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि दार उघडून आत आले. मला वाटलं, आता ते माझं तोंड दाबतील. ते आईच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभे राहिले आणि त्यांनी तिचा दुसरा हात धरला.

"काय झालंय तुम्हा दोघांना?" आई म्हणाली. तिचे डोळे माझ्यावरून बाबांवर गेले आणि पुन्हा माझ्यावर आले.

मी मायक्रोफोन बाजूला सारला. तिच्या हाताची नाडी माझ्या बोटांखाली लागत होती, वेगाने.

"आई, तू काही बोलली नव्हतीस," मी म्हणाले. "तो तुझ्यावर रागावून गेलेला नाही. तो परदेशी नाही, जहाजावर नाही. आपला दादा कामावर असताना लिफ्टखाली सापडला. दादा वारला, आई."