जोर लावून बसवलेली रॅम

मी एक रॅम बोलतेय. संगणक काम करत असताना त्याला जे जे हाताशी लागतं, ते सांभाळून ठेवणारी वीतभरही नसलेली हिरवी पट्टी. माझ्यामुळे आचलचं नुकसान झालं, असं दवनीवाडा गावात सगळे बोलतात. खरं काय ते आज सांगूनच टाकते.

आचल घरबसल्या घरांचे नकाशे काढायची. नागपूरच्या एका इंजिनिअरने तिला कायमचं काम देऊ केलं होतं. अट एकच, सोमवारपर्यंत पहिला नकाशा पाठवायचा. पण तिचा जुना संगणक नव्या सॉफ्टवेअरपुढे धापा टाकायचा. त्याला आणखी रॅम हवी होती.

तिचा मोठा भाऊ भोजराज ट्रॅक्टर दुरुस्त करतो. दसऱ्याच्या मुहूर्तावर तो खरेदीला गोंदियाला निघाला.

"भाऊ, जुनी रॅम काढून सोबत ने. तशीच पायजे."

"आत्ताच पूजा झाली त्याची. दसऱ्याले कोणी यंत्र खोलते का?" झेंडूची फुलं वाहिलेल्या संगणकाकडे बोट दाखवत तो म्हणाला.

दुकानदाराने विचारलं, "भैया, बोर्ड कौनसा है? डीडीआर थ्री या फोर?"

"सबसे नया दे दो."

दुकानदारानेही पुढे विचारलं नाही. सणाची गर्दी होती.

मी डीडीआर फोर, म्हणजे नव्या पिढीची; आचलचा बोर्ड, म्हणजे आम्ही जिच्यात बसतो ती संगणकातली मुख्य पाटी, जुन्या थ्रीचा. माझ्या कडेला एक खाच असते. ती बोर्डवरच्या उंचवट्याशी जुळली तरच मी बसते. चुकीच्या जागी कोणी घुसवू नये म्हणूनच ती ठेवलेली असते.

"भाऊ, बसून नाही राहिली ते. नको दाबू," दुसऱ्या दिवशी आचल कळवळून म्हणाली.

"थोडा जोर लावला का बसते."

त्याने दोन्ही अंगठे टेकवून दाबलं. बोर्डवरचा तो उंचवटा तडकला. बटण दाबताच धूर निघाला आणि बोर्ड जळाला.

सोमवार गेला, काम दुसऱ्या कोणाला मिळालं. आचल दोन दिवस नीट जेवली नाही. भोजराज मात्र सगळ्यांना सांगत सुटला, रॅमच खराब निघाली म्हणून. मी खराब! संताप होतो माझा. याच माणसाने बहिणीच्या स्थळासाठी कूळ, गोत्र, नाडी, अगदी मुलाच्या मामाची शेतीसुद्धा तपासून घेतली. तिच्या कामाचं तेवढं न तपासता चाललं.

आता मी शिलाई मशीनच्या खणात सुया-दोऱ्यांत पडून आहे. काल आचलला बघायला पाहुणे आले होते. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "पोरगी काय करते?"

आचल बोलणार, तेवढ्यात भोजराजच म्हणाला, "काही नाही जी. कम्प्युटरचा नाद होता, सुटला आता."

वाचणाऱ्यांनो, माझ्यात काही बिघाड नाही. जुळणारा बोर्ड मिळाला तर मी आजही लगेच कामाला लागेन. मला खुशाल घेऊन जा. पण विचारायचं ते आचलला विचारा. त्या घरात तिला अजून कोणी काही विचारलेलं नाही.