लाल आधी की पिवळं

वारूळवाडीतली आमची कंपनी शेतातल्या मोटरीचे मोबाईल स्टार्टर बनवते. पेटीत सिमकार्ड असतं. मेसेज टाकला की मोटर चालू, मेसेज टाकला की बंद. त्यातलं सॉफ्टवेअर मी बघते. पुण्याच्या एका माणसाकडून आम्ही ते तपासून घेतलं. बाहेरच्याला आत घुसता येईल अशा ज्या फटी सापडल्या, त्यांना त्याने रंग दिले. लाल म्हणजे आधी बुजवा, पिवळ्या म्हणजे सवडीने. त्यातली एक पिवळी माझ्या डोक्यातून जाईना. मेसेज मालकाच्याच फोनवरून आलाय का, हे आमची पेटी बघतच नव्हती. सिमचा नंबर आणि १२३४ हा पासवर्ड ठाऊक असला की कुणीही मोटर चालू करावी! आमचे साहेब ऋषीसर म्हणाले, पेटीतला नंबर बाहेरच्याला कळणार कसा? आधी वेबसाइटवरचं लाल उरका. मी चिडले, पण वेबसाइटच्या कामाला लागले.

रविवारी पिंपरी पेंढारला कुशाबानानांकडे गेले. हे माझे चुलते. आई-वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं. घरी कुणी नव्हतं म्हणून विहिरीवर गेले, तर कठड्यावर ऑइलपेंटने हे मोठं लिहिलेलं: आमच्याच पेटीतल्या सिमचा नंबर आणि खाली १२३४. विहीर चौघा भाऊबंदांची, ज्याची पाळी त्याने आपल्या फोनवरून मोटर लावायची, म्हणून ही सोय. आमच्याकडे मालक म्हणून नोंद एकट्या नानांची. मी कपाळावर हात मारला.

आणि नाना खाली, विहिरीत. पाण्यालगतच्या पायरीवर उकिडवे बसून केबलच्या जुन्या जोडाची टेप सोलत होते. फ्यूज काढलाय का, असं मी वरून विचारलं. म्हणाले, पेटी उसाच्या पल्याड, उसात बिबट्याची मादी पिल्लं घेऊन बसलीय, तिकडं मरायला कोण जातंय? मोबाईलवरून बंद केलीय की.

मी कठड्यावरून ओरडले, "नाना, आधी वर या."

ते हसले, थोडंच राहिलंय म्हणाले. मग मात्र माझं टाळकं सरकलं. लहानपणी त्यांनी मला दिल्या नसतील एवढ्या शिव्या मी त्यांना दिल्या, तेव्हा कुरकुरत वर आले. त्यांच्यादेखत मी माझ्या फोनवरून त्या नंबरला मेसेज टाकला. या विहिरीशी माझ्या फोनचा काडीचा संबंध नाही, तरी खाली मोटर घरघरली.

नानांनी कठड्यावरच्या नंबराकडे पाहिलं. "आता सोमाजीची पाळी व्हती," म्हणाले. सोमाजी म्हणजे पलीकडच्या बांधावरचा भाऊबंद. त्या बिचाऱ्याला, खाली कोण बसलंय, हे कुठून दिसणार? मला रडूच फुटलं.

तशीच मी ऋषीसरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकलं, वाईट वाटलं म्हणाले, आणि उद्या ऑफिसात बसून ठरवू म्हणाले. मी काही बोलायच्या आत नानांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"साहेब, माझी पुतणी हितं व्हती म्हणून मी वर आलो. बाकीच्या विहिरींतली माणसं आत्ता खालीच हायेत."