पाच लिटरचा कॅन

आमच्या कारखान्यात माणसाला नाव नसतं. तो शर्टाचा जो तुकडा शिवतो, तेच त्याचं नाव. खिसेवाली, काजवाली, बाहीवाली. मी बाहीवाली. माझ्या शेजारच्या मशीनवर कॉलरवाली बसते आणि ती माझी सख्खी वहिनी. तिला इथे चिकटवलं मीच. घरात रोज खटके उडतातच, ते कामावरही उडावेत अशी माझी हौस असणार.

एका लाइनीत चौदाजणी आणि बाथरूमचं टोकन एक. सुपरवायझरच्या टेबलाशेजारी खिळ्याला टांगलेला पितळी बिल्ला. तो गळ्यात अडकवल्याशिवाय कोणी उठायचं नाही, कारण एक उठली की तिच्या पुढच्या सगळ्या हात चोळत बसतात. बाथरूमच्या नळाला दहानंतर पाणी नसतं, त्याबद्दल कुठे काही लिहिलेलं नाही. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय ते एवढंच, 'आपलं आरोग्य, आमची जबाबदारी'.

एका सोमवारी वरच्या फळीवरून कापडाचा तागा घसरला आणि थेट वहिनीच्या डोक्यावर आला. ती दहा मिनिटं भिंतीला टेकून बसली. प्रथमोपचाराच्या पेटीत एक कात्री आणि मुदत संपलेलं मलम निघालं. सुपरवायझरने उदार मनाने तिला पाच मिनिटं आणखी बसू दिलं, अपघाताच्या वहीत काहीच लिहिलं नाही, आणि वहिनी पुन्हा कॉलरला लागली.

चौथ्या दिवशी तिला तहान लागली. लागली ती लागलीच. आधी एक बाटली, मग दोन, मग ती घरून पाच लिटरचा कॅन आणायला लागली आणि दुपारपर्यंत तो रिकामा. दर अर्ध्या तासाला टोकन. बिल्ला तिच्या गळ्यातून उतरेचना आणि बाकीच्या तेराजणी पाय आवळून शिवत राहिल्या. रात्रीही पाच-सहा वेळा उठायची. दादा म्हणाला, "पाणीच पितेय ना? दारू तर नाही!" झालं, नवऱ्याची चौकशी संपली. आईला वेगळाच संशय आला आणि तिने नातवाचं नावसुद्धा ठरवून टाकलं.

शेवटी कारखान्याच्या डॉक्टरांना दाखवलं. ते दर बुधवारी येतात आणि त्यांच्याकडे साखर मोजायचं यंत्र आहे, त्यामुळे कोणालाही काहीही झालं तरी ते साखर मोजतात. वहिनीची साखर उत्तम निघाली. "मनाचे खेळ आहेत," ते म्हणाले आणि कागदावर लिहून दिलं, 'पाणी कमी प्यावे'. सुपरवायझरचा चेहरा असा खुलला, जणू बढतीचंच पत्र आलं. त्याने तो कागद वहिनीच्या मशीनवर चिकटवला.

आमचं टार्गेट तीन आठवडे चुकत होतं. टार्गेट पूर्ण झालं की लाइनीला शनिवारी अर्धा दिवस सुट्टी असते, ती तीनदा बुडाली होती. शुक्रवारी सकाळी सुपरवायझरने सांगितलं, "आज माल निघाला नाही तर कॉलरवाली उद्यापासून घरी." जेवणाची सुट्टीही रद्द झाली. वहिनीचं काम गेलं तर घराचं काय, हा विचार माझ्या मनात आला. शनिवारी दुपारी पाय पसरून झोपायचा विचार त्याच्याही आधी आला. ती टोकन घेऊन गेली तेव्हा मी तिचा कॅन उचलला आणि माझ्या मशीनखाली, चिंध्यांच्या पोत्यामागे सरकवला. अर्थात तिच्याच भल्यासाठी.

वहिनी परत आली, इकडेतिकडे बघितलं आणि खाली बसली. सुपरवायझरने बोटाने कागद दाखवला.

गंमत पुढेच आहे. पाणी बंद झालं तरी तिचं उठणं थांबलं नाही. अकराला गेली, साडेअकराला गेली, बाराला गेली. "आता कशाला जातेस?" सुपरवायझर ओरडला. घोटभर पाणी पोटात नाही आणि एवढं बाहेर येतंय कुठून, हा साधा प्रश्न चौदाजणींपैकी एकीलाही पडला नाही. आम्हाला टार्गेट होतं. मी मान खाली घालून बाह्या जोडत होते. दोनच्या सुमाराला माझ्याकडे आलेल्या एका शर्टाची कॉलर उलटी होती. मी चिडून तिच्याकडे वळले, तर तिचे ओठ पांढरेफटक पडलेले आणि नजर कुठेच नाही. "वहिनी," मी म्हणाले. तिने माझ्याकडे अनोळखी बाईकडे बघावं तसं बघितलं आणि मशीनवर कोसळली.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाई पिकल्या केसांच्या आणि कमी बोलणाऱ्या होत्या. रक्त आणि लघवी तपासून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "डोक्याला मार लागला होता?"

"छे छे," कारखान्यातून आलेला साहेब म्हणाला, "तशी नोंद नाही आमच्याकडे."

"तागा पडला होता," मी म्हणाले. "मी बघितलंय."

साहेबाने माझ्याकडे बघितलं. बघू दे म्हटलं.

मग डॉक्टरीणबाईंनी समजावलं. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मागच्या अंगाला, देठाला लटकलेली वाटाण्याएवढी ग्रंथी असते, पिट्युटरी. पोराने किती उंच व्हायचं, पाळी कधी यायची, आईला दूध कधी उतरायचं, थायरॉइडने किती राबायचं, असे हुकूम तिच्याकडून रक्तातून सुटतात. मूत्रपिंडांनाही तिचा निरोप जातो, की पाणी धरून ठेवा. त्या तडाख्याने देठ दुखावला आणि तो एकच निरोप बंद पडला. "त्यामुळे पाणी धरलंच जात नाही," त्या म्हणाल्या. "प्यायलं तर तेवढं बाहेर. नाही प्यायलं तरी बाहेरच. तहान हाच तिचा आधार होता."

वाटाण्याएवढी सुपरवायझर, चोवीस तास कामावर, आणि भिंतीवर एक पाटी नाही. आमचा ऐंशी किलोचा आहे.

"हा आजार पक्का करायचा तर आम्ही पेशंटला दाखल करून पाणी बंद करतो," डॉक्टरीणबाई पुढे म्हणाल्या. "दर तासाला वजन, दर तासाला तपासणी. नर्स शेजारून हलत नाही, कारण त्यात जीव जाऊ शकतो. हिच्या बाबतीत ते आधीच झालेलं दिसतंय. रक्त खारट झालंय आणि लघवी अजून साध्या पाण्यासारखी. कोणी बंद केलं हिचं पाणी?"

साहेबाने तत्परतेने तो कागद पुढे केला. नेमका हाच कागद बरा आणला होता त्याने. डॉक्टरीणबाईंनी वाचला आणि परत दिला. दादा रडत होता. वहिनी मेली तर तिला मी मारलं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तो निरोप पोचवणाऱ्या हार्मोनचं इंजेक्शन दिलं आणि दोन-तीन तासांत पिशवीत उतरणारी लघवी कमी झाली. पाणी मात्र सलाइनमधून अगदी हळूहळू भरलं, घाई केली तर मेंदूला सूज येते म्हणे. तिसऱ्या दिवशी वहिनीने दादाला ओळखलं आणि दाढी कर म्हणाली. आता रोज गोळी घ्यायची, देठ बरा झाला तर कदाचित कधीतरी बंदही होईल. गोळीने ती तुमच्याआमच्याइतकंच पाणी पिते आणि तुमच्याआमच्याइतकंच उठते. तेवढ्यात कारखान्यालाही माणुसकी आठवली. साहेब फुलं आणि खास तिच्या एकटीसाठीचं टोकन घेऊन आला, कधीही उठायची कायमची मुभा.

तो गेल्यावर मी दार लोटलं. आठवडाभर गिळलेलं एका दमात बोलून टाकलं. "वहिनी, तुझा कॅन मी लपवला होता."

"माहीत आहे. दिसत होता की. पोत्यामागे, तुझ्या पायाशी."

"मग मागितला का नाहीस गं?"

"मागितला," वहिनी म्हणाली. "दोनदा. तू मशीन थांबवलं नाहीस."